दोन धरणं आणि सुलूआत्या

आत्याकडं राहणाऱ्या संगीताचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरी बादल्या, हंडे, पातेली अशी सगळी भांडी ओळीनं मांडत होते. आमच्याकडं नळाला पाणी येण्याचा दिवस हा सणासारखा असतो, त्या दिवशी फोन कुणी उचलत नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ओल्या हातानंच घेतला. "ताई, आत्या उठंनात," एवढंच ती म्हणाली. मी रिक्षा करून पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. आत्या कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपली होती, रात्रपाळी करून आल्यावर झोपायची तशी. झोपेतच गेली, त्रास झाला नसणार, असं डॉक्टर सांगून गेल्याचं संगीतानं मला सांगितलं.

सुलोचना हे तिचं नाव. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमची सुलूआत्या, आणि सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डांत व पुढं आंबेतळ्याच्या कॉलनीत सगळ्यांची 'सिस्टर'. तिला जाऊन महिना उलटला. कॉलनीच्या शोकसभेत तिला प्रेमळ म्हटलं, निसर्गप्रेमी म्हटलं, एकानं तर मृदुभाषी म्हटलं. मी खाली बघत बसले होते. माझी आत्या मृदुभाषी नव्हती. शेवटची काही वर्षं तर ती सतत चिडलेली, वैतागलेली, माणसांची शिसारी आलेली बाई होती, आणि ज्यांची तिला शिसारी होती तेच हार घालत होते. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

किळस हा शब्द तिच्या बाबतीत जपून वापरायला हवा. दवाखान्यात तिनं आयुष्यभर जे पाहिलं आणि धुतलं, पुसलं, त्यातल्या कशाचीही तिला किळस नव्हती. जळालेल्या, सडलेल्या जखमांबद्दल ती आमच्याकडं जेवताना सहज बोलायची. आई ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून जायची आणि आत्याला कळायचंच नाही की हिला झालं काय. पण टीव्हीवर एखादा पुढारी टँकरपुढं हात जोडून हसताना दिसला की ती तोंड फिरवायची, नाकाला पदर लावायची. खरोखर घाण वास आल्यासारखं.

तिचा जन्म गोदाकाठचा. गंगापूर आणि पैठणच्या मधलं लहानसं गाव. आमच्या घराण्याकडं पूर्वी त्या गावचं कुलकर्णीपण होतं. पाठीला वाळलेला भोपळा बांधून ती मुलांच्या बरोबरीनं नदीत पोहायला शिकली होती. पैठणचं धरण भरलं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा ती शाळेत होती. नव्या जागी वसवलेल्या गावात घरं मिळाली, पाणी मिळालं नाही. ज्यांनी अख्खी नदी दिली त्यांच्या बायका मैलभरावरून घागरी आणायला लागल्या. पुढं आत्या नर्सिंगला म्हणून तेव्हाच्या औरंगाबादेत आली ती इथलीच झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

त्या मोठ्या दुष्काळात पैठणच्या धरणाचा नाथसागर पार तळाला गेला आणि जुनं गाव वर आलं. पेपरात फोटो आले. आत्या निवृत्तीला आली होती, गुडघे कुरकुरत होते, पण मला म्हणाली, चल. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही गेलो. देवळाचा चौथरा, घाटाच्या पायऱ्या, बांधीव विहिरीचं कडं, सगळं मातकट रंगाचं वर आलेलं. आणि त्या सगळ्यावर माणसं. गाड्या लावल्या होत्या, भेळेचे गाडे आले होते, पोरं देवळाच्या चौथऱ्यावर उभी राहून फोटो काढत होती. आत्या कुणाकडं न बघता सरळ एका जागी गेली, पायानं गाळ बाजूला केला, खाली उंबऱ्याचा दगड लागला. त्यावर ती बसली. मला वाटलं रडेल. तिनं चपलेतली माती झटकली आणि म्हणाली, "आमचं घर बुडवून शहराला पाणी नेलं, ते समजू शकते मी. पण त्या शहरातही ते आठ-आठ दिवसांनी येतं. मग गेलं कुठं गं सगळं?"

नदी मात्र तिच्या मनातून गेली नव्हती. निवृत्तीनंतर तिनं शहराच्या कडेला आंबेतळ्याच्या काठावर छोटं घर घेतलं ते त्यामुळंच. आंबेतळं म्हणजे निजामाच्या काळात मातीचा बांध घालून अडवलेला तलाव. पूर्वी तिथं रान होतं, मग शहर वाढत वाढत तिथं पोचलं, आणि तळ्याच्या वरच्या अंगाला 'लेक व्ह्यू' नावाची कॉलनी उभी राहिली. त्यातल्याच आत्याच्या घराच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून पाणी दिसायचं. ती पहिली वर्षं आत्याची फार सुखाची गेली. पहाटे बांधावरून फिरून यायची आणि येताना कौसाबाईकडून दूध आणायची.

कौसाबाई बांधाच्या पलीकडं, खालच्या अंगाला राहायची. पत्र्याची दोन घरं, मुलगा राजू कंपनीत रोजंदारीला, सून संगीता, आणि एक म्हैस. बांध जुना, त्यातून पाणी पाझरायचं. त्या पाझरावर खाली बारमाही हिरवं गवत असायचं. आत्यानं एकदा विचारलं होतं, इतक्या जवळ राहायची भीती वाटत नाही का? तर कौसाबाई म्हणाली, "पाझर हाय म्हून तर म्हैस जगती, सिस्टर. बांध गळायचा थांबला तर आमी काय खावावं?" या दोघींचं फार जमलं. एकीचं गाव धरणानं बुडवलेलं, दुसरीचं घर धरणाच्या गळतीवर चाललेलं. बांधावरच्या बाभळीखाली दोघी तंबाखूची मिसरी लावत बसायच्या. आमच्या घराण्यातली मिसरी लावणारी ती पहिलीच असावी.

मग पुन्हा दुष्काळाची वर्षं लागली आणि तळं कोरडं पडलं. तळं कोरडं पडलं की माणसाच्या मनात काय काय येतं, ते आत्यानं त्या खिडकीतून पाहिलं. आधी गाळ काढायची मोहीम आली. नारळ फुटले, फोटो झाले. गाळ शेतात जातोय म्हणून तिलाही बरं वाटलं. पण गाळ संपल्यावरही यंत्रं गेली नाहीत. ती बांधाला लागली. बांधाच्या कडेचा मुरूम भरून हायवा डंपर निघायचे आणि लेक व्ह्यूच्याच रस्त्यांवर, नव्या प्लॉटांच्या भरावात रिकामे व्हायचे. पाण्याच्या बाजूनं बांधाला जुनं दगडी अस्तर होतं, लाटांनी माती खचू नये म्हणून. ते दगड एकेक करून निघाले आणि लोकांच्या बागांत, कुंपणांत जाऊन बसले. आणि जिथून तळ्याचं जादा पाणी बाहेर पडायचं तो सांडवा... तो तर कॉलनीनंच बुजवला. त्यावर सिमेंटच्या रंगीत फरशा टाकून जॉगिंग ट्रॅक केला, पुढं भिंत घातली, बाकडी मांडली. तळ्यात थेंब नव्हता, सांडवा कुणाला लागतो?

आत्याला कळलं की तिच्या स्वतःच्या पारिजातकाभोवती ठेकेदारानं मांडून दिलेले दगडही तिथलेच आहेत. तिनं ते उपटले. कौसाबाईनं पाटी आणली. दोघी म्हाताऱ्या ते दगड डोक्यावरून बांधावर नेऊन जिथं खाच पडली होती तिथं बसवत राहिल्या. कॉलनीतले लोक गाडीच्या काचा खाली करून हसायचे, सिस्टर, धरण बांधताय का? ती पुढची पाटी उचलायची. चार पाट्यांनी काय होणार हे तिलाही ठाऊक होतं. पण चोरीचा दगड दारात ठेवून चहा पिणं तिला जमेना.

ती कचेऱ्यांतही गेली. मी सोबत होते कधी कधी. एका कचेरीत सांगितलं की हा तलाव आमच्याकडं होता पण आता वर्ग झालाय. जिथं वर्ग झाला होता त्यांनी सांगितलं की गाव शहरात घेतलं, आता आमचा संबंध नाही. शहरवाले म्हणाले की अजून ताबा मिळालेला नाही. सगळीकडं पंखे चालू, सगळीकडं बसा म्हणायचे, एका ठिकाणी साहेबांनी चहाही पाजला. बाहेर आल्यावर आत्या जिन्यातच थांबली. मला वाटलं दम लागला. तर म्हणाली, "तो चहा ओकून टाकावासा वाटतोय."

आणि मग पाऊस झाला. सगळे वाट बघत होते तसा, भरभरून. तळं भरलं. लेक व्ह्यूत ढोल वाजले, पुढारी आले, जलपूजन झालं, पाण्यात साडीचोळी सोडली. आत्या खिडकीशी उभी राहून बघत होती. पाणी चढत होतं आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. खाली कौसाबाईच्या अंगणात पाझर आता ओहळासारखा वाहत होता, आणि तो गढूळ होता. आत्यानं पुन्हा सगळीकडं फोन केले. कॉलनीच्या चेअरमनसाहेबांच्या घरी जाऊन ट्रॅकची भिंत फोडा म्हणून सांगितलं. त्यांनी समजावलं की मिटिंग घेतल्याशिवाय कॉलनीच्या मालमत्तेला हात लावता येत नाही. रविवारी मिटिंग घेऊ म्हणाले.

रविवार यायच्या आधीच, भर दुपारी, मुरूम काढून जिथं बांध बोडका केला होता तिथून पाणी वरून सांडायला लागलं. आत्या बांधावरूनच ओरडत खाली उतरली. राजू कामावर होता. कौसाबाईनं संगीताला हाताला धरून टेकाडावर आणलं, तिथं आत्याच्या हवाली केलं, आणि परत वळली. आत्यानं तिचा दंड पकडला. कौसाबाई म्हणाली, "बांधलेली हाय ती. बांधून कसं सोडू?" आणि हात सोडवून गेली. तिनं म्हशीचं दावं सोडलं, हे दोघींनी टेकाडावरून पाहिलं. मग बांध बसला. आत्या नेहमी 'बसला' म्हणायची, फुटला म्हणायची नाही. दमलेलं माणूस बसतं तसा तो मधोमध खाली बसला, आणि तळं त्यावरून निघून गेलं.

म्हैस पोहून वाचली. कौसाबाई दुसऱ्या दिवशी पार खाली ओढ्याच्या बाभळींत सापडली. खाली आणखी काही घरं होती, शेतं होती, विहिरी होत्या, सगळं चिखलानं बुजलं. दवाखान्यातून कौसाबाईला आणल्यावर आत्यानं तिला आपल्या घरी स्वतः आंघोळ घातली. केसांतला एक एक काटा काढला. संगीताला दुसऱ्या खोलीत बसवून ठेवलं होतं, न्हाणीच्या दाराबाहेर मी होते. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच आत्याचा, "जरा मान वळव गं कौसे," असा... जिवंत माणसाशी बोलावं तसा.

त्या रविवारी मिटिंग झाली, ठरल्याप्रमाणं. मी आत्याला घेऊन गेले, कारण तिला एकटीला सोडायची भीती वाटत होती. दोन मिनिटं शांत उभं राहून झालं. मग विषय निघाला की तळं गेलं आता प्लॉटच्या भावाचं काय होणार. व्ह्यूचे वेगळे पैसे घेतले होते बिल्डरनं, ते परत मागता येतील का, यावर तासभर चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं की चिखलाचा वास फार येतो, औषध फवारून घ्या. आत्या उठली. ओरडली नाही. "मी मेलेल्या माणसांत नोकरी केली," ती म्हणाली, "पण इतका वास कधी आला नाही. तुम्ही सगळे ज्या रस्त्यानं इथं आलात ना, त्याच्याखाली त्या बांधाचा मुरूम आहे." आणि माझा हात धरून बाहेर पडली. मागं कुणीतरी, बाईंना धक्का बसलाय, असं म्हणाल्याचं मी ऐकलं.

संध्याकाळी ती शाळेत गेली. घरं वाहून गेलेल्यांना तिथं वर्गांत ठेवलं होतं. राजू आणि संगीताला ती घरी घेऊन आली. म्हैसही आणली. लेक व्ह्यूच्या फाटकातून म्हैस आत येताना वॉचमननं अडवलं तेव्हा आत्यानं त्याला विचारलं म्हणे, की हिची जागा कुठल्या पाण्यानं नेली माहीत आहे का? पार्किंगच्या खांबाला म्हैस बांधली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत एकच विषय उरला. मेलेली कौसाबाई, बसलेला बांध, सगळं मागं पडलं, शेणाचा वास तेवढा राहिला. लोक यायचे, समजावायचे. चेअरमनसाहेब म्हणाले, सिस्टर, तुमच्या भावना समजतात, पण इथं फॅमिली राहतात. आत्या म्हणाली, हीसुद्धा फॅमिलीच आहे.

पुढं जे व्हायचं तेच झालं. सरकारदरबारी ती नैसर्गिक आपत्ती ठरली. बांध दुरुस्त झाला नाही. तळ्याचा तळ वाळला आणि त्यावर कुणाकुणाची मालकी निघाली, चुन्याच्या रेघा पडल्या, दगड रोवले गेले. आता तिथं लेक व्ह्यूचाच दुसरा टप्पा होतोय, तळ्याच्या पोटात, त्याच नावानं. कॉलनीतल्या बोअरचं पाणी खाली गेलं आणि सगळे टँकरवर आले. मी आत्याला किती वेळा म्हटलं की आमच्याकडं ये. ती म्हणायची, एका धरणानं उठवलं तेव्हा मी लहान होते, आईबापांच्या मागं निघाले. आता नाही उठायची. धुळीनं तिला दम्यासारखं व्हायला लागलं होतं. गेल्या दिवाळीत माझा भाऊ अविनाश पुण्याहून आला होता, तेव्हा आम्हा दोघांना समोर बसवून तिनं सांगितलं की माझ्यामागं हे घर राजू-संगीताचं. अविनाश तेव्हा हो म्हणाला. ती गेल्यावर मात्र त्यानं फोनवर, जरा व्यवहारानं बघूया, असं सुरू केलं. आता तिथं काय भाव चाललाय, हे त्याला पुण्यात बसून ठाऊक होतं. मी गप्प राहिले. शेवटी तोच म्हणाला, ठीक आहे, तिनं सांगितलंय तसं करू. माझ्या भावाचं मी हे लिहिते आहे, त्याला आवडणार नाही. पण त्या फोननंतर मलाही नळाखाली हात धुवावेसे वाटले होते.

शोकसभा संपल्यावर चेअरमनसाहेब मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, की सिस्टरांच्या शब्दाखातर आम्ही इतकी वर्षं सोसलं, आता त्या जनावराचं काय ते बघा. गळ्यातला रुमाल अजून त्यांच्या हातात होता, डोळे पुसलेला. मी त्यांना म्हैस कुठं जाणार नाही, राजू-संगीताही नाही, एवढं सांगितलं आणि घरात गेले.

आत्याची एक सवय मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हती, कारण मी नेहमी सकाळी जाऊन दुपारी परतायची. संगीतानं सांगितली. रोज दिवस कलला की आत्या म्हशीला घेऊन निघायची. टँकरचं पाणी पाजायची हौदावर, आणि मग तिला घेऊन जायची त्या जॉगिंग ट्रॅकवर, नेमकी सगळे फिरायला येतात त्या वेळी. पांढरी सुती साडी, एका हातात काठी, एका हातात दावं. शेण पडलं तर स्वतः उचलायची, पण वाट कुणालाही द्यायची नाही. ती गेल्यापासून म्हैस संध्याकाळ झाली की खांबाला हिसके देते, असंही संगीता म्हणाली.

मी दावं सोडलं. म्हशीला हात लावण्याची माझी ती पहिलीच वेळ. मला वाटलं होतं मी तिला नेईन, पण तिनंच मला नेलं. फाटकाच्या आतून, क्लब हाऊसवरून, रंगीत फरशांवर. पांढरे बूट घातलेली माणसं, कानात गाणी घातलेल्या मुली, शोकसभेतले दोघंतिघं. नाकं मुरडली गेली. ट्रॅकच्या मधोमध, जिथं पुढं ती भिंत आहे, तिथं म्हैस थांबली. मी दावं ओढलं, ती हलली नाही. मागून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं की हिला हलवता का जरा. मी म्हटलं, "इथं सांडवा होता. सिस्टर इथं थांबायच्या." म्हैस उभी होती तशी मीही उभी राहिले, आणि माणसं कुरकुरत, फरशी सोडून, कडेच्या मातीत पाय घालून आमच्या बाजूनं जात राहिली.